ऑनलाइन चाचणीतील खाती आणि अधिकारांची वाटणी

परीक्षेच्या कामात अधिकारांची वाटणी करणे ही आपणां शिक्षकांस नवी गोष्ट नव्हे. प्रश्नपत्रिका काढणारा एक, ती मोहोरबंद पाकिटात सांभाळणारा दुसरा, वर्गात मुलांवर देखरेख करणारा तिसरा आणि उत्तरपत्रिका तपासणारा चौथा, अशी व्यवस्था आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आली आहे. पर्यवेक्षकास गुण बदलता येत नाहीत, किंवा सार्वजनिक परीक्षेच्या परीक्षकास मुलाचे नाव दिसत नाही, यात त्या दोघांवर अविश्वास दाखविला जातो असे कोणी मानीत नाही. उद्या निकालाविषयी कोणी शंका घेतली, तर प्रत्येकास आपापल्या कामापुरते उत्तर देता यावे, एवढाच त्यातील हेतू असतो.

परंतु तीच परीक्षा संगणकावर किंवा मोबाइलवर आली म्हणजे ही वाटणी आपण विसरून जातो. मुख्याध्यापकांच्या नावाचे एकच खाते, त्याचा पासवर्ड हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला, आणि ज्यास सवड असेल त्याने ते उघडून गुण भरावेत, असा प्रकार पुष्कळ शाळांतून दिसून येतो. गावात जाळे मिळत नाही म्हणून तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाकडेही तोच पासवर्ड दिलेला असतो. काम वेळेवर होते, म्हणून त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. एखाद्या मुलाचे गुण चुकीचे निघाले आणि ते कोणी भरले हा प्रश्न उपस्थित झाला, म्हणजे मात्र उत्तर सापडत नाही. यंत्रातील नोंदीत एकच नाव असते, ते मुख्याध्यापकांचे. आणि त्यांनी तर तो दिवसभर संगणकास हातही लावलेला नसतो.

ऑनलाइन मूल्यमापनाच्या प्रणालीत खाती किती प्रकारची असतात, कोणत्या खात्यास काय करता येते, आणि ही वाटणी आपल्या शाळांच्या सोयीने कशी करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल मूडल ही प्रणाली घेतली आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुजियामास यांनी ती निर्माण केली व तिची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असून तिची अंतर्गत रचना सर्वांस पाहण्यास खुली आहे, त्यामुळे शिकण्यास ती सोयीची पडते. आपल्या वाट्यास येणारी प्रणाली दुसरी असू शकेल. तीत नावे निराळी असतील, पण मूळ कल्पना बहुधा हीच आढळेल.

खाते आणि भूमिका

प्रथम एक भेद मनात पक्का केला पाहिजे. खाते हे व्यक्तीचे असते व भूमिका ही कामाची असते. पाटील गुरुजींचे मूडलमध्ये खाते उघडले, म्हणून ते तेथे शिक्षक झाले असे नाही. नुसत्या खात्याने आत प्रवेश मिळतो आणि स्वतःची माहिती दुरुस्त करण्यासारखी किरकोळ कामे तेवढी करता येतात. पुढे त्यांस एखाद्या पाठ्यक्रमात शिक्षकाची भूमिका द्यावी, तेव्हा त्या पाठ्यक्रमापुरते ते शिक्षक होतात. तेच पाटील गुरुजी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने चालविलेल्या प्रशिक्षणवर्गात विद्यार्थी असू शकतात. खाते एकच, पासवर्ड एकच. परंतु एका ठिकाणी ते प्रश्न काढतात आणि दुसऱ्या ठिकाणी प्रश्न सोडवितात. म्हणून एका माणसास दोन-तीन खाती देण्याचे काही कारण उरत नाही, आणि एका खात्यावर दोन-तीन माणसांनी काम करण्याचे तर मुळीच उरत नाही.

मूडलमध्ये तयार मिळणाऱ्या भूमिकांत सर्वांत वर प्रशासक असतो. खरे पाहता ती भूमिकाच नव्हे. प्रशासकास कोणतीही परवानगी लागत नाही व त्यास काहीही करता येते. अशी खाती जिल्ह्यात एक किंवा दोनच असावीत, आणि ज्याच्याकडे ते खाते आहे त्याने रोजच्या कामासाठी आपले दुसरे, साधे खाते वापरावे. एका माणसास एकच खाते या वर सांगितलेल्या नियमास हा एवढाच अपवाद. त्याखाली व्यवस्थापक येतो. त्यास पुष्कळ अधिकार असतात, परंतु ते कमी-अधिक करता येतात. पाठ्यक्रमकर्ता नवीन पाठ्यक्रम उघडतो. पाहुणा हा ज्या पाठ्यक्रमाने पाहुण्यांस दार उघडे ठेवले आहे तेथे वाचू शकतो, मात्र चाचणी सोडवू शकत नाही. या चौघांशी खेड्यातील शिक्षकाचा संबंध क्वचित येतो.

आपला संबंध येतो तो उरलेल्या तिघांशी: शिक्षक, संपादनाचा अधिकार नसलेला शिक्षक, आणि विद्यार्थी. यांतील पहिल्या दोघांमधील फरक फार महत्त्वाचा आहे, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. पूर्ण शिक्षकास प्रश्न लिहिता येतात, चाचणीची तारीख व वेळ ठरविता येते, चाचणी काढून टाकता येते, मुलांच्या उत्तरपत्रिका नष्टही करता येतात. दुसऱ्यास, ज्याला आपण या लेखापुरते तपासनीस शिक्षक म्हणू, उत्तरे तपासून गुण देता येतात आणि निकालाचे अहवाल पाहता येतात. परंतु चाचणीच्या रचनेस हात लावता येत नाही. वर्गावर शिकविणाऱ्या बहुतेक शिक्षकांस रोजच्या कामासाठी ही दुसरी भूमिका पुरेशी असते. ती कमी प्रतीची आहे असा समज मात्र होऊ देऊ नये. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाकडे प्रश्नपत्रिकांच्या पेटीची किल्ली नसते, म्हणून त्याचा मान काही कमी होत नाही.

क्षेत्र आणि परवानगी

मूडलमध्ये भूमिका नेहमी कोणत्या तरी क्षेत्रात दिली जाते. सबंध संकेतस्थळ हे सर्वांत मोठे क्षेत्र, त्यात विभाग, विभागात पाठ्यक्रम, पाठ्यक्रमात चाचणी किंवा स्वाध्याय. जिल्हा, तालुका, केंद्र आणि शाळा यांची जी उतरंड आपल्या परिचयाची आहे, तिच्यासारखीच ही रचना आहे. वरच्या क्षेत्रात दिलेली भूमिका खालच्या सर्व क्षेत्रांत आपोआप लागू होते. तालुक्याच्या विभागात एखाद्यास व्यवस्थापक नेमले, तर त्या तालुक्याच्या प्रत्येक पाठ्यक्रमात तो व्यवस्थापक ठरतो. यावरून असे दिसून येईल, की भूमिका देताना ती कोणती हे जितके पाहावयाचे, तितकेच ती कोठे दिली जात आहे हेही पाहावयाचे. घाईने सबंध संकेतस्थळावर दिलेली शिक्षकाची भूमिका त्या माणसास जिल्ह्यातील सर्व शाळांच्या सर्व चाचण्या उघडून देते.

प्रत्येक भूमिका म्हणजे अनेक लहान लहान परवानग्यांची एक यादी असते. चाचणी पाहणे, चाचणी सोडविणे, चाचणीची रचना करणे, हाताने गुण देणे, अहवाल पाहणे, पुन्हा गुणांकन करणे, उत्तरपत्रिका नष्ट करणे, अशी एकेका कृतीची परवानगी वेगवेगळी मोजली जाते. २००६ साली आलेल्या १.७ या आवृत्तीपूर्वी मूडलमधील भूमिका ठराविक साच्याच्या होत्या. त्या आवृत्तीपासून ही यादी बदलण्याची व नवी भूमिका तयार करण्याची सोय झाली.

यादीतील प्रत्येक परवानगीपुढे चारांपैकी एक शेरा असतो. पहिला शेरा म्हणजे काहीच ठरविलेले नाही. तेव्हा वरच्या क्षेत्रात जे असेल ते लागू होते. दुसरा अनुमतीचा. तिसरा प्रतिबंधाचा, वरून मिळालेली अनुमती या ठिकाणापुरती रोखून धरणे एवढे त्याचे काम. चौथा सक्त मनाईचा. तिसऱ्या व चौथ्या शेऱ्यांत गल्लत होते, म्हणून त्यांचा भेद उदाहरणाने पाहू. एखाद्या शिक्षिकेस एकाच पाठ्यक्रमात दोन भूमिका आहेत. एका भूमिकेने तिला गुण देण्यास अनुमती दिली व दुसरीने प्रतिबंध केला, तर अनुमती टिकते. तिला गुण देता येतात. परंतु दुसऱ्या भूमिकेत सक्त मनाई असेल, तर तेथे कोणतीही अनुमती चालत नाही, आणि खालच्या क्षेत्रात कोणी ती मनाई उठवूही शकत नाही. यास्तव सक्त मनाईचा शेरा फार जपून वापरावा. एकदा तो वरच्या पातळीवर मारला, की खाली शाळेत काम का अडले याचा शोध घेण्यात दिवसच्या दिवस जातात.

या यादीत काही परवानग्यांपुढे धोक्याची चिन्हे दिलेली असतात. एखाद्या परवानगीने मुलांची खाजगी माहिती उघड होण्याचा संभव आहे, एखादीने पुष्कळ नोंदी एकदम नष्ट होऊ शकतात, असे ती चिन्हे सुचवितात. नवी भूमिका तयार करणाराने ती पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

एका केंद्राचे उदाहरण

आता हे सर्व एका केंद्रास कसे लावावे ते पाहू. समजा, एका केंद्रात दहा शाळा आहेत आणि इयत्ता पाचवीच्या गणिताची एकच चाचणी सर्व शाळांतून घ्यावयाची आहे. प्रत्येक शाळेसाठी निराळा पाठ्यक्रम उघडून तेच प्रश्न दहा वेळा भरण्याचे कारण नाही. केंद्राचा एकच पाठ्यक्रम उघडावा आणि त्यात दहा गट करावेत, प्रत्येक शाळेचा एक. प्रश्न काढण्यासाठी नेमलेल्या दोघा-तिघा शिक्षकांस पूर्ण शिक्षकाची भूमिका द्यावी. बाकीच्या शाळांच्या वर्गशिक्षकांस तपासनीस शिक्षकाची भूमिका देऊन आपापल्या शाळेच्या गटात घालावे. मुलांसही त्याच गटात घालावे आणि पाठ्यक्रमात 'स्वतंत्र गट' ही पद्धत ठरवावी.

असे केल्याने एक गोष्ट आपोआप साधते. सर्व गट पाहण्याची परवानगी मूडलमध्ये पूर्ण शिक्षकास मुळातच असते, तपासनीस शिक्षकास नसते. त्यामुळे वाडीवरील शाळेच्या बाईंस फक्त आपल्या वाडीची मुले दिसतात. शेजारच्या शाळेतील कोणत्या मुलास किती गुण पडले हे त्यांस दिसत नाही, आणि त्यांच्या मुलांचे गुण इतरांस दिसत नाहीत. शाळाशाळांतील तुलना मुलांच्या नावानिशी चावडीवर होऊ लागली, म्हणजे तिचे परिणाम कोणावर होतात हे शिक्षकांस सांगावयास नको.

केंद्रप्रमुखांस कोणती भूमिका द्यावी, हा येथे नाजूक प्रश्न उत्पन्न होतो. हुद्दा मोठा, म्हणून अधिकारही मोठा द्यावा, अशी आपल्या मनाची स्वाभाविक ओढ असते. परंतु केंद्रप्रमुखांचे या चाचणीतील काम पाहण्याचे आहे. प्रश्न बदलण्याचे किंवा गुण देण्याचे नाही. तेव्हा केवळ अवलोकनासाठी एक नवी भूमिका तयार करावी. पाठ्यक्रमात नाव नोंदविल्यावाचून तो पाहणे, चाचणी पाहणे, सर्व गट पाहणे आणि अहवाल वाचणे, एवढ्याच मुख्य परवानग्या तीत असाव्यात आणि ती केंद्राच्या विभागात द्यावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांस तीच भूमिका तालुक्याच्या विभागात द्यावी. त्यांचे क्षेत्र मोठे होईल, परवानग्या तेवढ्याच राहतील. उद्या एखाद्या शाळेचा निकाल बदलल्याची तक्रार झाली, तर ज्या अधिकाऱ्यांनी तिची चौकशी करावयाची त्यांचा स्वतःचा हात त्या निकालास लागणे शक्य नव्हते, हे त्यांस निःसंशय सांगता येईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक-खात्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापक या दोघांच्या सह्या लागतात, तेथेही हेच धोरण आहे. संगणकशास्त्रात जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एका निबंधात हे तत्त्व मांडले, की प्रत्येक वापरकर्त्यास त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, अधिक नसावेत. आपल्या परीक्षापद्धतीने ते संगणकाच्या कितीतरी आधी आचरणात आणले होते.

उत्तरपत्रिकेवरील नाव झाकण्याची सोयही मूडलच्या चाचणीत आहे, आणि ती फारशी कोणास ठाऊक नसते. निबंधवजा उत्तरे हाताने तपासताना मुलाचे नाव दिसणे ही एक स्वतंत्र परवानगी आहे. ती काढून घेतली, म्हणजे तपासणारास केवळ उत्तर दिसते. मात्र त्याच तपासनिसास निकालाचे इतर अहवाल नावानिशी उघडता येत असतील, तर या सोयीस काही अर्थ राहत नाही. दोन्ही परवानग्या एकत्र पाहाव्या लागतात. लहान शाळेत, जेथे एक शिक्षक वीस मुलांची भाषा ओळखतो, तेथे नाव झाकण्याने विशेष साधेलसे वाटत नाही. एका शाळेच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने तपासावयाच्या असतील, तेथे ती अवश्य वापरावी.

अडचणीच्या वेळी

अधिकारांची खरी परीक्षा होते ती काम अडल्यावर. चाचणी चालू असता वीज गेली किंवा टॅब्लेट बंद पडला, आणि एका मुलीची चाचणी अर्धवट राहून वेळ संपली. अशा वेळी तिची पहिली उत्तरपत्रिका नष्ट करून तिला नव्याने बसवावे, असा विचार प्रथम मनात येतो. तो करू नये. नष्ट केलेली उत्तरपत्रिका परत मिळत नाही, आणि त्या मुलीस दुसरी संधी का मिळाली याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. मूडलमध्ये एका विशिष्ट विद्यार्थ्यापुरता अपवाद करता येतो: त्यास अधिक वेळ, निराळी तारीख किंवा आणखी एक प्रयत्न देता येतो. पहिली उत्तरपत्रिका तशीच राहते, तिच्या शेजारी दुसरी उभी राहते, आणि दोहोंची तारीख व वेळ नोंदलेली असते. हा अपवाद करण्याची परवानगी मुळात पूर्ण शिक्षकास असते. तेव्हा तपासनीस शिक्षकाने केंद्रातील प्रश्न काढणाऱ्या शिक्षकास कळवावे. यात पाच-दहा मिनिटे अधिक लागतात, हे खरे.

दृष्टी अधू असलेल्या किंवा लिहिण्यास वेळ लागणाऱ्या मुलासही याच मार्गाने वाढीव वेळ द्यावा. वेळेची मर्यादा अजिबात न लागण्याची एक परवानगी प्रणालीत आहे. तिचा मोह होतो, कारण ती एकदा दिली की पुन्हा पाहावे लागत नाही. परंतु त्या मुलास किती वेळ हवा होता व तो पुरला की नाही, हे पुढे त्यावरून कळत नाही. अपवादात ठराविक मिनिटे लिहिली, म्हणजे पुढील चाचणीत ती कमी-अधिक करावयास आधार मिळतो.

प्रश्नाचे उत्तरच चुकीचे भरले गेले असेल, तर प्रश्न दुरुस्त करून पुन्हा गुणांकन करण्याची आज्ञा द्यावी; प्रणाली सर्व उत्तरपत्रिका नव्याने तपासते. येथे दोन कामे आहेत, आणि ती दोन परवानग्यांखाली येतात. पुन्हा गुणांकन करण्यास तपासनीस शिक्षकास मुभा असते, परंतु प्रश्न दुरुस्त करणे त्याच्या हाती नसते. एका शाळेच्या तक्रारीवरून दहा शाळांचा प्रश्न परस्पर बदलला जाऊ नये, म्हणून हे ठीकच आहे.

पहिली-दुसरीच्या मुलांविषयी थोडे निराळे सांगावयाचे आहे. या वयाच्या मुलांची खाती उघडावयाची, त्यांचे पासवर्ड शिक्षकांनी जवळ ठेवावयाचे, आणि मुलाने तोंडाने उत्तर सांगितल्यावर शिक्षकाने मुलाच्या खात्यातून ते भरावयाचे, अशी पद्धत काही ठिकाणी रूढ होऊ पाहत आहे. हेतू चांगला असतो. परंतु नोंदीत ते उत्तर मुलाने दिले असे उमटते, आणि शिक्षकाने ते कसे ऐकले, कितपत साहाय्य केले, याचा मागमूस राहत नाही. त्यापेक्षा तोंडी परीक्षा घ्यावी, पाठ्यक्रमात उत्तर सादर करण्याची अट नसलेला एक स्वाध्याय ठेवावा, आणि त्यात शिक्षकाने स्वतःच्या खात्यातून गुण व शेरा भरावा. तपासनीस शिक्षकास ही परवानगी असते. मग गुण कोणी दिले हे जसे घडले तसेच नोंदले जाते. मोठ्या मुलांचा एकच टॅब्लेट आळीपाळीने वापरला जात असेल, तर एका मुलाने खाते बंद केल्यावाचून दुसऱ्याच्या हाती तो देऊ नये, एवढी शिस्त वर्गास लावावी.

नोंद कोणाच्या नावे

कोणी, केव्हा, कोठून प्रवेश केला आणि काय केले, याची रोजनिशी मूडल ठेवते. गुणांच्या बदलांचा इतिहास निराळा असतो. त्यात जुने गुण, नवे गुण, दिनांक आणि बदल करणाराचे नाव येते. व्यवस्थापकाने एखाद्या वापरकर्त्याच्या नावाने आत शिरून पाहिले, तरी रोजनिशीत मूळ व्यवस्थापकाचेही नाव उमटते. किती दिवसांच्या नोंदी ठेवावयाच्या हे प्रशासक ठरवितो. निदान पुढील शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत त्या काढून टाकू नयेत, असे प्रशासकास सुचवावे.

समजा, एका पालकाने तक्रार केली, की माझ्या मुलास प्रथम अठरा गुण दिसत होते, आता आठ दिसतात. प्रत्येकाचे खाते निराळे असेल, तर पाच मिनिटांत उलगडा होतो: अमुक दिवशी चुकीचा प्रश्न दुरुस्त झाला, पुन्हा गुणांकन झाले, आणि त्यात या मुलाचे गुण घटले, किंवा अमुक शिक्षकाने एक आकडा चुकीचा भरला व दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. पालकास ते कागदावर दाखविता येते. खाते एकच असेल, तर त्याच नोंदी निरुपयोगी ठरतात. सर्व बदलांपुढे मुख्याध्यापकांचे नाव असते, आणि गावात चर्चा सुरू होते ती त्यांच्या नावाची. खेड्यात शिक्षकाची अब्रू हेच त्याचे भांडवल. ते एका उसन्या पासवर्डापायी घालविण्यासारखे नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६६-सी या कलमान्वये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा फसवणुकीने वापरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्याध्यापकांनी "गुरुजी, एवढे गुण माझ्या खात्यातून भरून टाका" असे सांगितल्यावरून भरणारा शिक्षक काही लबाडी करीत नाही. पण ते सांगणे तोंडी होते. पुढे वाद झाल्यास ते सिद्ध कसे करावे? त्याचप्रमाणे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीस विशेष जपण्यास सांगितले आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख आणि गुण दुकानातील अनोळखी संगणकावर उघडे ठेवणे हे त्याच्याशी विसंगत आहे. बाहेरच्या संगणकावर काम करणे भागच पडले, तर शिक्षकाने स्वतः बसून ते करावे, पासवर्ड जतन करण्याविषयी ब्राउझर विचारील तेव्हा नकार द्यावा, आणि उठताना खाते बंद झाल्याची खात्री करावी.

बदलीच्या वेळी कार्यभार देण्याघेण्याच्या यादीत दप्तर, जडवस्तुसंग्रह व किल्ल्या यांची नोंद आपण करतो. तीत ऑनलाइन खात्यांची एक ओळ घालावी. जाणाऱ्या शिक्षकाने आपला पासवर्ड येणाऱ्यास देऊ नये. नव्या शिक्षकास त्याच्या स्वतःच्या खात्यावर भूमिका मिळावी, आणि जुन्या शिक्षकाची त्या पाठ्यक्रमातील नोंदणी स्थगित व्हावी. खाते पुसून टाकण्याची विनंती कोणी करू नये. ते पुसले, तर वर्षभराच्या नोंदींचा मेळ लागत नाही. शिवाय तेच खाते त्या शिक्षकास नव्या शाळेत लागते, केवळ गट बदलावा लागतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाविषयीही असेच करावे. नोंदणी स्थगित केल्याने त्यास चाचणी दिसत नाही, पण त्याचे पूर्वीचे गुण कायम राहतात व दाखल्याच्या वेळी उपयोगी पडतात. हे काम मे महिन्याच्या सुटीपूर्वी, निकालपत्रके देऊन झाली की लगेच उरकावे. जून महिन्यात नव्या मुलांची नावे दाखल करण्याच्या गर्दीत ते राहून जाते, आणि गेल्या वर्षीच्या शिक्षकाचे दार पुढील दिवाळीपर्यंत उघडे राहते.